कासवाचे घड्याळ : पाळीव सरीसृपांवरील घरच्या उपचारांचा इतिहास

१/ १९७६ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा वाळवंटी इग्वानांना, म्हणजे एका जातीच्या सरड्यांना, जिवंत जिवाणूंची लागण करून ताप उतरवणारे सोडियम सॅलिसिलेट हे औषध देण्यात आले. आपल्या घरातल्या ॲस्पिरिनचे हे सख्खे भावंड. पाच सरड्यांचे अंग औषध घेऊनही तापले. ते पाचही जगले. उरलेल्या सातांचा ताप औषधाने चढू दिला नाही. ते सातही मेले.

२/ आजच्या धाग्याचा विषय हाच आहे : पाळलेले कासव, सरडा किंवा साप आजारी पडला की माणसाने त्याच्यावर घरच्या घरी काय काय केले आणि त्याचे पुढे काय झाले. धागा लांब आहे, सवडीने वाचा. इतिहासाच्या धाग्यात पशुवैद्यक कशाला, असे कोणी विचारील. चुकीचे ज्ञान किती काळ टिकते आणि का टिकते, हा इतिहासाचाच प्रश्न आहे, आणि त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

३/ घरगुती वैद्यक अनुभवाच्या चाळणीतून गाळले जाते. गाईला अमुक पाला खाऊ घातला, दुसऱ्या दिवशी ती रवंथ करू लागली, तो पाला घरात लक्षात राहिला. नाही करू लागली, पाला विसरला गेला. चाळण अगदीच बिनचूक नसली तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. सरीसृपांच्या बाबतीत ही चाळणच फाटकी आहे. त्यांचे शरीर संथ, आजार संथ आणि मरणही संथ. जानेवारीत केलेल्या चुकीचे फळ जूनमध्ये दिसते, आणि तोवर त्या दोहोंचा संबंध जोडायला कोणी उरलेले नसते. शिवाय आजार लपवणे हा या प्राण्यांचा स्वभाव. रानात जो दुबळा दिसतो तो आधी खाल्ला जातो. म्हणून ‘औषध दिले आणि बरे वाटू लागले’ हा अनुभव इथे बहुधा खोटी साक्ष देतो.

४/ सुरुवात अठराव्या शतकातील इंग्लंडपासून करू. १७४० च्या सुमारास ससेक्समधील रिंगमर गावच्या रेबेका स्नूक या बाईंच्या घरी भूमध्य प्रदेशातले एक कासव आले. पुढे चाळीस वर्षे ते त्यांच्या बागेत नांदले. बाई वारल्यावर मार्च १७८० मध्ये त्यांचे भाचे, निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट, यांनी त्याला शीतनिद्रेतून उकरून काढले, खोक्यात घातले आणि घोडागाडीने सेलबर्नला आपल्या घरी नेले. गाडीच्या हादऱ्यांनी जागे झालेले ते कासव नव्या बागेत दोनदा फिरले आणि पुन्हा मातीत शिरले. त्याचे नाव टिमथी. ती मादी होती, हे पुढे तिचे कवच तपासल्यावर कळले. आज ते कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

५/ व्हाइटने टिमथीवर औषधोपचार केल्याची ख्याती नाही. त्याने केले ते निराळेच : तो लिहीत राहिला. कासव नोव्हेंबरच्या मध्याला मातीत जाते, एप्रिलच्या मध्याला वर येते. वर आल्यावर लगेच अन्नाची इच्छा दाखवत नाही. भर उन्हाळ्यात मात्र अधाशासारखे खाते. त्याने त्याला पुन्हापुन्हा तराजूवर तोलले. कर्णा लावून त्याच्यावर ओरडूनही पाहिले; कासवाने ढुंकून पाहिले नाही. हा भाग वाचताना हसू येते, पण वजनाच्या त्या नोंदींकडे आपल्याला पुन्हा वळायचे आहे. एप्रिलमध्ये न खाणारे कासव पाहून घाबरलेल्या माणसाने त्याच्या तोंडात बळेच काही कोंबले असते. व्हाइटने वाट पाहिली, कारण गेल्या एप्रिलची नोंद त्याच्यापाशी होती.

६/ सगळी कासवे इतकी सुदैवी नव्हती. लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात आर्चबिशप लॉडने १६३३ साली आणलेले कासव सव्वाशे वर्षांच्या आसपास जगून १७५३ मध्ये माळ्याच्या हलगर्जीपणाने मेले, असे सांगितले जाते. राजसत्ता बदलल्या, यादवी झाली, खुद्द लॉडचा शिरच्छेद झाला. त्या साऱ्यातून वाचलेला जीव शेवटी बागकामात गेला.

७/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासवे इंग्लंडच्या रस्त्यांवर हातगाडीवर विकली जाऊ लागली. काही फेरीवाले सांगत, हे स्वयंपाकघरातली झुरळे खाऊन टाकते. शुद्ध थाप! ही भूमध्य प्रदेशातली कासवे पाला खाणारी. झुरळांच्या आशेने स्वयंपाकघरात सोडलेले कासव उपाशी राही, आणि उपाशी कासव महिनोन्‌महिने ‘ठीक’ दिसते. ते मेले तेव्हा दोष हवेचा ठरला, नशिबाचा ठरला. फेरीवाल्याच्या थापेचा कधी ठरला नाही. चाळण फाटकी आहे म्हणालो, ती अशी.

८/ विसाव्या शतकात हा धंदा वाढत गेला. मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून कासवे टोपल्यांत एकावर एक रचून ब्रिटनमध्ये येत. पळून जाऊ नयेत म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी ओवली जाई. कवच म्हणजे नखासारखे निर्जीव टरफल, हा समज त्यामागे होता. प्रत्यक्षात कवच हे जिवंत हाड आहे. त्यात रक्त वाहते, त्याला वेदना होते, त्यात पू होतो.

९/ हिवाळा आला की ही कासवे पेंढ्याच्या खोक्यात ठेवली जात. बीबीसीवरील मुलांच्या ‘ब्लू पीटर’ या कार्यक्रमात तर कासवाला असे झोपवणे हा दरवर्षीचा सोहळाच होता. आता अडचण पाहा. उन्हाळाभर इंग्लंडच्या ढगाळ हवेत अर्धपोटी राहिलेले कासव मरगळते. मालकाला वाटते, झोपेला आले. तो त्याला खोक्यात ठेवतो. आजारी, रिकाम्या अंगाचे कासव थंडीत ठेवणे हा वस्तुतः अत्यंत घातक उपचार होता, पण मालकाच्या मनात तो उपचारही नव्हता, ती काळजी होती. वसंतात खोके उघडले की आत कवच असे. ‘झोपेतच गेले’ म्हणून शोक होई आणि बाजारातून दुसरे आणले जाई. १९८४ मध्ये भूमध्य प्रदेशातल्या या कासवांचा व्यापारी व्यवहार युरोपीय नियमाने थांबला.

१०/ १९८० साली ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्याने शेकडो कासवांची लांबी आणि वजन यांचा आलेख मांडला : इतक्या लांबीच्या निरोगी कासवाचे वजन साधारण इतके असावे, त्याहून बरेच कमी असेल तर त्याला झोपवू नका. पट्टी आणि तराजू, बाकी काही नाही. व्हाइटने आपल्या एका कासवासाठी जे केले, तेच दोनशे वर्षांनी पुष्कळ कासवांसाठी झाले. (हा आलेख दोनच जातींसाठी होता. लोकांनी तो पुढे सरसकट सगळ्या कासवांना लावला. घरगुती वैद्यकाची खोड अशी सहजासहजी जात नाही.)

११/ आता अटलांटिकच्या पलीकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रुपयाएवढ्या हिरव्या पिलांची लाट आली. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली ही पाणकासवे, रेड-इअर्ड स्लायडर, लुइझियानातील तळ्यांतून आणि शेतांतून लाखोंनी निघत आणि स्वस्त वस्तूंच्या दुकानांत विकली जात. सोबत प्लास्टिकची वाटी, वाटीत प्लास्टिकचे ताडाचे झाड. काहींच्या पाठीवर रंगाने फुले किंवा नावे रंगवलेली असत. पिलू वाढे, रंगाचा थर वाढत नसे. कवच वेडेवाकडे होई.

१२/ खाद्य म्हणून वाळवलेले कीटक आणि ‘मुंग्यांची अंडी’ यांची पुडी मिळे. कॅल्शियम नाही, अ जीवनसत्त्व नाही, उजेड खिडकीच्या काचेआडून. काचेतून हाडांसाठी लागणारे अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत. काही महिन्यांत कवच भिजल्या पुठ्ठ्यासारखे मऊ पडे, डोळे सुजून मिटत. मग घरगुती उपाय सुरू होत : पाण्यात कॉड माशाच्या तेलाचे थेंब, वाटीत प्लास्टर ऑफ पॅरिसची वडी, डोळ्यांवर माणसाचे मलम, कवचावर तेल. डोळ्यांचे मूळ दुखणे आहाराचे होते. मलमाने वेळ गेला, आणि कासवापाशी तेवढाच होता.

१३/ तोवर दुसरे संकट वाटीतच वाढत होते : साल्मोनेला. या जिवाणूचे नाव साल्मन माशावरून नाही, डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्यावरून आले आहे. जिवाणू शोधला त्याच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथने, नाव लागले वरिष्ठाचे. आमच्या विद्यापीठीय जगात ही गोष्ट कोणालाही नवलाची वाटणार नाही.

१४/ १९६३ मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात एका बाळाचे आजारपण घरातल्या पाणकासवापर्यंत जाऊन पोचले. मग अशी प्रकरणे सापडतच गेली. १९७०च्या दशकाच्या आरंभी कासवांमुळे देशात वर्षाला सुमारे २,८०,००० लोकांना ही लागण होत असावी, असा अंदाज होता. त्यांत मुलांचा भरणा मोठा. पिलू मुलाच्या तोंडात मावे. शिवाय वाटी धुतली जाई ती स्वयंपाकघराच्या मोरीत, जिथे बाळाची दुधाची बाटलीही धुतली जाई. हा तपशील लक्षात ठेवा, कारण सरीसृप घरात ‘बरा’ करण्याचा पहिला धोका तिथेच आहे : आजारी, ताणाखालचा प्राणी हे जिवाणू अधिक प्रमाणात बाहेर टाकतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस त्याला अधिक हाताळतो, आंघोळ घालतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून त्याच्या तोंडात थेंब सोडतो.

१५/ सरकारने आधी मध्यममार्ग काढला. १९७२ पासून विक्रीआधी कासवे साल्मोनेलामुक्त असल्याचा दाखला सक्तीचा झाला. दाखले मिळाले आणि लागण चालूच राहिली. कारण हा जिवाणू सतत बाहेर पडत नाही. आज तपासणीत काही आढळले नाही म्हणजे प्राणी निर्मळ झाला, असे होत नाही. पेटीत भरून शेकडो मैल नेल्यावर तोच पुन्हा जिवाणू टाकू लागतो. अखेर १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. चार इंच का? त्याहून मोठे कासव मुलाच्या तोंडात मावत नाही. कायद्याच्या इतिहासात इतका घरगुती मोजमापाचा नियम विरळा.

१६/ परदेशी निर्यात मात्र खुली राहिली. शेतमालकांना जिवाणूमुक्त पिले हवी होती, म्हणून अंड्यांवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा प्रयोग सुरू झाला. जिवाणू कमी झाले, संपले नाहीत. जे उरले ते औषधाला दाद न देणारे. कॅनडातील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लुइझियानाहून निघालेल्या कासवांवर जेंटामायसिनला न जुमानणारा साल्मोनेला आढळला. आज ‘कासवाला साल्मोनेला असेल तर’ म्हणून घरीच प्रतिजैविक पाजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. औषधाने प्राणी शुद्ध होत नाही. औषधाला पुरून उरणारा जिवाणू तेवढा घरात निवडून ठेवला जातो. निरोगी सरीसृपाच्या पोटातील साल्मोनेलावर पशुवैद्यही म्हणूनच उपचार करत नाहीत.

१७/ आता पहिल्या पोस्टमधल्या सरड्यांकडे परतू. मिशिगनमध्ये मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले की, जिवाणू टोचलेला वाळवंटी इग्वाना स्वतःहून अधिक उबेच्या जागी जाऊन बसतो आणि शरीराचे तापमान सुमारे दोन अंशांनी वाढवतो. आपले शरीर आतून ताप निर्माण करते. सरडा ताप ‘शोधायला’ जातो. १९७५ मध्ये त्यांनी लागण झालेले सरडे वेगवेगळ्या स्थिर तापमानांत ठेवले. ऊब जितकी कमी, तितके मृत्यू अधिक. ताप हा शत्रू नसून संरक्षण असावा, हा विचार जुनाच होता. त्याचा भक्कम पुरावा एका सरड्याने दिला.

१८/ याचा घरातल्या उपचाराशी थेट संबंध आहे. आजारी सरड्याला किंवा सापाला ‘आराम मिळावा’ म्हणून अंधाऱ्या, गार खोक्यात ठेवणे ही माणसाची सहज प्रवृत्ती. माणसाला आराम मिळतो, सरड्याची प्रतिकारशक्ती बंद पडते. उलट टोकही तितकेच वाईट : एकच प्रखर दिवा लावून सगळी पेटी तापवली तर त्याला थंडाव्याकडे सरकता येत नाही आणि तो भाजतो. त्या प्रयोगातील सरड्यांना उष्ण आणि थंड अशी दोन्ही टोके उपलब्ध होती. निवड त्यांची होती.

१९/ तापमानाचा दुसरा धागा औषधाशी जोडलेला आहे, आणि इथे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील मिचेल बुश यांचे नाव घ्यावे लागते. १९७८ मध्ये बुश आणि सहकाऱ्यांनी गोफर सापांच्या रक्तात जेंटामायसिन किती काळ राहते ते मोजले. माणसाच्या रक्तातले निम्मे जेंटामायसिन दोन-तीन तासांत निघून जाते. सापाच्या रक्तातले निम्मे जायला तीन दिवसांहून अधिक लागले. याचा अर्थ असा की माणसाप्रमाणे रोज डोस दिला तर औषध साचत जाते. पुढल्याच वर्षी त्याच मंडळींनी सापांच्या मूत्रपिंडाचे जेंटामायसिनने काय होते ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. १९८५ मध्ये दुसऱ्या एका गटाने सिद्ध केले की अमिकासिन या औषधाचा सापाच्या शरीरातील वावर भोवतालच्या तापमानानुसार बदलतो. एकच साप, एकच औषध, एकच मात्रा. खोली गार असेल तर हिशेब वेगळा, उबदार असेल तर वेगळा.

२०/ आणि हे मरण ओळखू येत नाही. मूत्रपिंड निकामी झालेला साप काही आठवडे वेटोळे घालून शांत पडून असतो. मालक म्हणतो, इंजेक्शनाने शांत झाला.

२१/ इंजेक्शन कुठे द्यायचे, हाही इतिहासच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग याकोबसन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने एक विचित्र रचना नोंदवली : अनेक सरीसृपांत शरीराच्या मागल्या भागातील रक्त हृदयाकडे परतण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. (सापाच्या टाळूतील गंधेंद्रियाला ज्याचे नाव आहे तोच हा याकोबसन.) म्हणून पशुवैद्य प्रथेने इंजेक्शन शरीराच्या पुढल्या भागात देतात. व्हिडिओ पाहून सरड्याच्या मागल्या मांडीत सुई खुपसणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

२२/ आयव्हरमेक्टिनची कथा सर्वांत करुण आहे. १९८१ मध्ये गुराढोरांसाठी बाजारात आलेले हे औषध; ज्यासाठी ओमुरा सातोशी आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले, ज्याने आफ्रिकेत असंख्य लोकांची दृष्टी वाचवली. गुरांना चालते, घोड्यांना चालते, माणसाला चालते. मग जंत झालेल्या कासवाला का नको? १९८३ मध्ये टिअर आणि बुश यांनी उत्तर प्रसिद्ध केले : कासवे लुळी पडतात आणि मरतात. सस्तन प्राण्यांत मेंदूभोवतीचा अडसर हे औषध बाहेर ठेवतो; कासवांत तो पुरेसा काम करत नसावा, असे मानले जाते. चाळीस वर्षांपूर्वी छापलेली ही गोष्ट. औषध अजून सहज मिळते आणि बाटलीवर कासवाचे नाव नसते.

२३/ सापांच्या अंगावरील गोचिड्यांसारख्या बारीक किड्यांसाठी १९६० च्या दशकात डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाच्या पट्ट्या वापरल्या जाऊ लागल्या. खोलीत माश्या मारायला टांगत त्याच. किडे मरत, बंद पेटीत ती वाफ हुंगणारा साप थरथरू लागे, काही वेळा मरे. आपल्याकडे कुत्र्याच्या गोचिडांचे औषध सरड्यावर फवारणे हा त्याच वंशातला प्रकार.

२४/ सगळा दोष घरच्यांचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दीर्घकाळ डॉक्टरांनाही काही ठाऊक नव्हते. फ्रेडरिक फ्राय यांचा सरीसृपांच्या संगोपन-शल्यचिकित्सेवरील ग्रंथ निघाला १९७३ मध्ये; सरीसृप-उभयचरांच्या पशुवैद्यांची अमेरिकेतील संघटना उभी राहिली १९९१ मध्ये. मधल्या काळात सुजलेल्या डोळ्यांची कासवे पाहून डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. मांसाहारी पाणकासवांत ती उणीव खरी होती. पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवांत ती सहसा नसते. त्यांना झाले ते उलटे विष : आधी कातडी कोरडी पडली, मग फोड आले, मग ती सोलवटून निघाली, आणि मागे राहिले उघडे मांस. ही दुखापत आजाराची नव्हती, उपचाराची होती. फरक एवढाच की डॉक्टरांनी हे लिहून छापले, म्हणून पुढच्यांची मात्रा बदलली. घरात झालेली चूक घरातच पुरली जाते, बहुधा कुंडीत.

२५/ जखमांबद्दल थोडे. सरीसृपांचा पू वाहत नाही. तो चिजाच्या वडीसारखा घट्ट असतो. त्यामुळे गळू दाबून ‘फोडण्याचा’ प्रयत्न व्यर्थ जातो. बहुतेक वेळा ते शस्त्राने काढावे लागते. तुटलेल्या कवचावर फायबरग्लासचे ठिगळ लावण्याची पद्धत विसाव्या शतकात डॉक्टरांनीच रूढ केली, तिची घरगुती नक्कल म्हणजे चटकन चिकटणाऱ्या गोंदाची नळी. गोंद वरून चकचकीत बसतो आणि खाली दूषित हाड बंदिस्त होते. बाहेरून पाहावे तर कासव दुरुस्त!

२६/ आपल्याकडे या इतिहासाला एक वेगळा पदर आहे. महाराष्ट्रातल्या किती तरी देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. कूर्म हा विष्णूचा अवतार. कासव घरात असणे शुभ, ही भावना जुनी. त्यातून तारा कासवे घरोघर गेली. आणि नागपंचमीचे दूध विसरू नये. दूध हे नागाचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ केलेला नाग समोरचा कोणताही द्रव पितो, आणि भाविक त्याला सेवा समजतो. श्रद्धेचा उपहास मला करायचा नाही. सेवेची इच्छा आणि शरीराची गरज यांतली दरी मात्र इथे उघडी दिसते.

२७/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तारा कासव घरी बाळगणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च, संरक्षण मिळाले; ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. कायदा योग्यच आहे. पण त्याची एक सावली आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. बेकायदा कासव आजारी पडले की मालक डॉक्टरकडे जायला घाबरतो. मग समाजमाध्यमांवर विचारणा, मग शोभेच्या माशांच्या दुकानातील प्रतिजैविकाची पुडी, मग मुलांच्या सिरपाचे थेंब. भीतीने लपवलेला आजार घरात कुजतो. उलट, दुकानात उघड मिळणाऱ्या लाल पट्ट्याच्या परदेशी पाणकासवांचे काय? ती आजारी पडली किंवा मोठी झाली की तलावात सोडली जातात. तिथे ती देशी कासवांशी अन्नासाठी आणि उन्हाच्या जागेसाठी झगडतात आणि आपले आजारही सोबत नेतात. ‘मोकळे सोडले’ हाही आपल्या घरगुती उपचारांतला एक लोकप्रिय उपचार.

२८/ इनबॉक्समध्ये विचारणा येणारच, म्हणून इथेच लिहितो. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वैद्य नव्हे. मात्रा मला विचारू नका. खाणे थांबणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातून फेस, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे, मऊ कवच, सुजलेले डोळे : ही लक्षणे दिसतात तेव्हा आजार बहुधा जुना झालेला असतो, त्यामुळे ‘दोन दिवस पाहू’ हा हिशेब चुकतो. गार पडलेल्या प्राण्याला बळेच भरवू नये. गार शरीरात अन्न पचत नाही, आत सडते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघरापासून दूर ठेवावीत, आणि घरात पाच वर्षांखालील मूल किंवा गर्भवती स्त्री असेल तर त्यांना त्याच्यापासून लांबच ठेवावे.

२९/ सगळे पशुवैद्य सरीसृप पाहत नाहीत. आधी फोन करून विचारा. देशी वन्य जातीचा प्राणी असेल तर महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आणि जाताना सोबत काय न्यावे? पेटीतल्या उबदार आणि गार, दोन्ही टोकांचे तापमान, दिवा कोणता आणि किती महिन्यांपूर्वी बसवला, काय खाऊ घालता, शेवटचे कधी खाल्ले, विष्ठेचा फोटो. त्याआधी घरी काही औषध दिले असेल तर ते लाज न बाळगता सांगा, बाटली सोबत न्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहिले असेल तर ती वहीही घ्या. (काटा त्या कामासाठी वेगळा ठेवा.) टिमथीचे वजन सेलबर्नमध्ये त्याच पद्धतीने लिहिले जाई, ते कासव आपल्या मालकाच्या मागे एक वर्ष जगून १७९४ च्या वसंतात गेले.